नाटकात एकही इंग्रज नव्हता

१९१० साली मुंबई सरकारने एका मराठी नाटकाचे प्रयोग बंद पाडले. त्या नाटकात एकही इंग्रज पात्र नव्हते. कथा महाभारतातली, स्थळ मत्स्यदेशाची राजधानी विराटनगरी, काळ पांडवांच्या अज्ञातवासाचा. नाटकाचे नाव ‘कीचकवध’, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. इतिहासाच्या पुस्तकांत या नाटकाला बहुधा एकच ओळ मिळते: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे भारतमाता. ती पाठ करून विद्यार्थी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या एका ओळीत जे मावले नाही, त्याचा हा धागा.

प्रथम कथा. द्यूतात हरलेल्या पांडवांना बारा वर्षे वनवास आणि तेरावे वर्ष अज्ञातवास भोगायचा आहे. या तेराव्या वर्षी कोणी ओळखले, तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणून पाचही भाऊ आणि द्रौपदी वेष पालटून विराट राजाच्या पदरी राहतात. युधिष्ठिर होतो कंकभट, राजाबरोबर फासे खेळणारा. भीम होतो बल्लव नावाचा आचारी. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो. द्रौपदी राणी सुदेष्णेची दासी होते, नाव सैरंध्री. राणीचा भाऊ आणि मत्स्यांचा सेनापती कीचक तिच्यावर नजर ठेवतो, भर सभेत तिला लाथ मारतो, आणि राजा विराट काही करू शकत नाही, कारण राज्य नावाला त्याचे असले तरी बळ कीचकाचे आहे. पुढे भीम कीचकाला ठार मारतो.

ही गोष्ट १९०७ च्या मराठी प्रेक्षकाला सांगावी लागत नव्हती. ती त्याने आजीच्या तोंडून, कीर्तनात, पुराणात ऐकलेली होती. कीचक मरणार हे पडदा उघडण्यापूर्वीच ठाऊक. अशा नाटकात ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता शिल्लक राहत नाही आणि प्रेक्षकाचे मन दुसऱ्या कामाला मोकळे होते. तो कोण काय बोलतो हे तोलू लागतो, आणि तेच बोलणे आपण याआधी कोठे ऐकले, हे आठवू लागतो.

खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले. टिळकांच्या ‘केसरी’त त्यांनी वर्षानुवर्षे लेखन केले. अग्रलेख लिहिणाऱ्या हाताने लिहिलेले हे गद्य नाटक. त्यात पदे नाहीत, हे महत्त्वाचे आहे. तो काळ संगीत नाटकांचा. ऐन भांडणात नायिका गाऊ लागे, ‘वन्समोअर’ पडे आणि वादाची धार तेवढ्यापुरती बोथट होई. गद्य नाटकात ती सोय नाही. तेथे वाद हा वादच राहतो. महाराष्ट्र नाटक मंडळीने फेब्रुवारी १९०७ मध्ये हा खेळ रंगमंचावर आणला.

त्या महिन्याकडे जरा निरखून पाहावे. बंगालची फाळणी ऑक्टोबर १९०५ मध्ये अमलात आली होती. डिसेंबर १९०६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले होते, आणि त्या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा यावरून मवाळ आणि जहाल यांच्यात उघड ओढाताण चालू होती. सुरतेची फूट अजून दहा महिने दूर होती. अर्ज-विनंत्यांनी सरकारचे मन वळवावे की सरकारला अडवावे, हा वाद घराघरांत होता. वडील गोखल्यांच्या बाजूचे आणि मुलगा टिळकांच्या, अशी घरे पुण्यात दुर्मीळ नसावीत. त्या प्रेक्षागारात कंकभट उठून म्हणतो की धीर धरा, अवधी संपू द्या, राजाकडे दाद मागू. आणि बल्लव म्हणतो की अपमान आज झाला आहे, अवधी कसला मोजता. कोणी कोणाचे सोंग घेतले आहे, हे प्रेक्षकाला दोन अर्थांनी कळत होते.

येथे खाडिलकरांची निवड किती नेमकी होती, हे पाहण्यासारखे आहे. महाभारतात अन्यायाचे प्रसंग कमी नाहीत. वस्त्रहरण त्याहून प्रसिद्ध. तरी त्यांनी विराटपर्व निवडले. या पर्वात प्रत्येक जण खोट्या नावाने वावरतो. खरे नाव उच्चारणे हाच गुन्हा आहे आणि शिक्षा बारा वर्षांची आहे. ज्या देशात राजद्रोहाचे कलम डोक्यावर टांगलेले असते, तेथील पत्रकाराला हे पर्व स्वतःचेच वाटले असेल. टिळकांना १८९७ साली या कलमाखाली शिक्षा झाली होती, आणि १९०८ साली ते पुन्हा त्याच वाटेने मंडालेला गेले. वेष पालटून बोलणाऱ्या माणसांची गोष्ट, वेष पालटून सांगितलेली.

आता कर्झनकडे. ‘कीचक म्हणजे कर्झन’ हे समीकरण निराधार नाही. सत्तेचा तोरा आणि प्रजेविषयी तुच्छता यांसाठी कर्झनची ख्याती झाली होती. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी सत्याची थोर कल्पना ही मुख्यतः पाश्चात्त्यांची असल्याचे सांगितले होते, आणि त्या एका भाषणाने देशभर संताप उसळला होता. रंगमंचावरचा कीचक राज्यकर्त्याच्या अधिकाराविषयी बोलू लागला की प्रेक्षकांना हा आवाज ओळखीचा वाटे.

पण कर्झन नोव्हेंबर १९०५ मध्येच हिंदुस्थान सोडून गेले होते. नाटक रंगमंचावर आले तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो होते. म्हणजे ज्याचा ‘वध’ दाखवला असे म्हणतात, तो माणूस सव्वा वर्षापूर्वीच बोटीत बसून गेला होता. समीकरणाची ही अडचण कोणी फारशी बोलून दाखवत नाही. प्रेक्षकाला एका माणसाचा सूड पाहायचा असता, तर १९०७ साली तो शिळा झाला असता. त्याला टोचत होते ते दुसरेच. कीचकाच्या मागे विराटाची सभा उभी आहे. अन्याय डोळ्यांसमोर होतो, सभेत ज्येष्ठ बसलेले आहेत, राजा भला माणूस आहे, आणि कोणी उठत नाही. लंडनमध्ये आपले ऐकून घेणारे सज्जन बसले आहेत, या मवाळांच्या विश्वासाला हे चित्र थेट भिडते. कर्झन येतात आणि जातात. ही सभा मात्र तेथेच असते.

सरकारने तीन वर्षे हे नाटक चालू दिले, हीसुद्धा विसरली जाणारी गोष्ट आहे. १९०७, १९०८, १९०९. मुंबई इलाख्यात खेळ होत राहिले. नाटकाची संहिता तीच राहिली. बदलले ते बाहेरचे जग. एप्रिल १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला बॉम्ब फुटला. जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. जुलै १९०९ मध्ये लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना गोळी घातली. (हे वायली निराळे, व्हाइसरॉय कर्झनशी त्यांची गल्लत नेहमी होते.) आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन मारले गेले.

जॅक्सन कोठे मारले गेले, हे या धाग्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. विजयानंद थिएटरात, नाटक पाहायला आलेले असताना. त्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर मंडळीचा खेळ ठेवला होता. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक, लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. अनंत कान्हेरे या विद्यार्थीवयाच्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

त्या रात्रीचे नाटक ‘कीचकवध’ नव्हते. ते होते देवलांचे ‘संगीत शारदा’. पैशासाठी कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या चालीवरचे नाटक, साम्राज्याशी ज्याचा सुतराम संबंध नाही असे. तरीही त्या रात्रीनंतर सरकारच्या नजरेतून प्रत्येक नाट्यगृह बदलले. शेकडो माणसे एकत्र जमतात, दिवे मंद होतात, जहाल बोलणे ऐकून टाळ्या पडतात, आणि कलेक्टर पुढच्या रांगेत बसलेला असतो, हे दृश्य पूर्वी करमणुकीचे होते. आता ते तसे राहिले नाही. बल्लवाची तीच वाक्ये, जी १९०७ साली टिळकपक्षाचा युक्तिवाद वाटत होती, ती १९१० साली पिस्तुलाच्या आवाजासारखी ऐकू येऊ लागली.

जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाटकाची उकल आपल्या वाचकांसाठी छापली. कोण कोणाचे रूप आहे, याची फोड तिच्यात होती: कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. पुढे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या हिंदुस्थानातील असंतोषावरील ग्रंथातही हे नाटक पुरावा म्हणून आले. याच ग्रंथावरून टिळकांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये फिर्याद केली आणि १९१९ साली ती हरले. मराठी नाट्यसमीक्षेत ‘कीचकवधा’चे रूपक इतक्या नेटकेपणाने कोणी मांडले नव्हते. शत्रूइतके लक्षपूर्वक नाटक कोणी पाहत नाही, असे म्हणावेसे वाटते. मात्र त्या लक्ष देण्यात एक कोतेपणाही आहे, त्याकडे पुढे येऊ.

बंदी कोणत्या कायद्याने आली? १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने. त्याची जन्मकथा बंगालमधली आणि काहीशी विनोदी. १८७५-७६ च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्यास आले असता जगदानंद मुखर्जी नावाच्या वकिलांनी त्यांना घरी बोलावले आणि घरातील स्त्रियांकडून त्यांचे स्वागत करविले. सनातनी कलकत्ता खवळले. ग्रेट नॅशनल थिएटरने ‘गजदानंद व युवराज’ हे प्रहसन केले. पोलिसांनी ते थांबविले. मग कंपनीने पोलिसांवरच प्रहसन केले. पोलीस कमिशनर होते हॉग आणि अधीक्षक होते लँब, म्हणून प्रहसनाच्या नावात आले डुक्कर आणि मेंढी. २९ फेब्रुवारी १८७६ रोजी व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावरचे दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ त्याआधीपासून सरकारच्या मनात सलत होतेच.

या कायद्याची शब्दरचना नाटकाच्या प्रत्येक अभ्यासकाने एकदा वाचावी. नाटकात काय लिहिले आहे, एवढ्यावर तो थांबत नाही. प्रस्थापित सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होण्याचा संभव आहे का, हजर असलेल्या माणसांची मने बिघडण्याचा संभव आहे का, असे तो विचारतो. सगळा भर ‘संभव’ आणि ‘हजर माणसे’ यांच्यावर. नाटकाचा अर्थ कागदावर नसून त्या रात्रीच्या प्रेक्षागारात तयार होतो, हे तत्त्व नाट्यशास्त्राच्या पंडितांनी मांडो न मांडो, कलकत्त्याच्या गोऱ्या विधिज्ञांनी १८७६ सालीच कायद्यात घालून ठेवले होते. एरवी महाभारतावर बंदी कशी घालणार? आदिपर्वापासून स्वर्गारोहणापर्यंत ग्रंथ दुकानात उघड विकला जात होता. त्यातला एक प्रसंग फक्त विशिष्ट साली, विशिष्ट शहरात, विशिष्ट माणसांसमोर बोलायला मनाई होती.

तोच प्रसंग दुसरीकडे कसा वावरला, हे पाहिले की गंमत वाटते. त्रावणकोरच्या दरबारातील कवी इरयिम्मन थंपी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कीचकवधम्’ ही कथकळीची आट्टक्कथा रचली. तेथे कीचक हा नटाच्या कसोटीचा भाग. त्याचा शृंगार आणि त्याचे मरण रसिक चवीने पाहतात. राजा रविवर्म्यांनी १८९० साली कीचक आणि सैरंध्री यांचे चित्र रंगवले. सरकारला त्यात अप्रीती दिसली नाही. मद्रासच्या नटराज मुदलियार यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ‘कीचकवधम्’ नावाचाच मूकपट काढला. नावही तेच, वधही तोच. पण पुण्या-मुंबईची ती तीन वर्षे मद्रासच्या प्रेक्षागारात नव्हती.

मराठी प्रेक्षकांकडे ही कथा परतली ती चित्रपटातून. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट केला आणि १९२० च्या फेब्रुवारीत तो पुण्यात दाखवला गेला. टिळकांनी तो पाहून पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले, ही आठवण सर्वपरिचित आहे. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके उग्र होते की परिनिरीक्षकांनी ते कापायला लावले. मूकपटात शब्द नाहीत. तरी एका दांडग्याचा गळा दाबला जातो आणि मंडालेहून परत आलेला माणूस प्रेक्षकांत बसलेला असतो, तेव्हा बोलायचे काय उरते?

आता मघाशी सोडलेला धागा. बंदीने ‘कीचकवधा’चे प्रयोग थांबवले, आणि आणखी एक गोष्ट केली: तिने नाटकाचा अर्थ कायमचा गोठवला. ‘टाइम्स’ची फोड सरकारने जणू शिक्कामोर्तब करून दिली आणि पुढे देशभक्तांनीही तीच अभिमानाने मिरवली. दोन्ही पक्षांचे या एका बाबतीत एकमत झाले. त्यानंतर नाटक वाचण्याची कोणाला गरज उरली नाही. कोण कोणाचे रूप हे कळले की कोडे सुटले, आणि सुटलेले कोडे कोणी पुन्हा हातात घेत नाही. या रूपकाचा सर्वांत मोठा बळी द्रौपदी आहे. तिला भारतमाता म्हणताच तिचा स्वतःचा अपमान तिचा राहिला नाही. तो देशाचा झाला. सभेत जी स्त्री लाथ खाते आणि दाद मागते, ती नुसते चिन्ह बनली. त्यातून तिची भूमिका करणारा पुरुष, वाद घालणारे पुरुष, टाळ्या देणारे बहुतेक पुरुष. १९०७ च्या प्रेक्षागाराला ती बाई दिसली असेल का, ही शंका घ्यायला जागा आहे.

येथवर पुराणकथेआड वर्तमान पाहणारे प्रेक्षक दिसले. याच्या नेमके उलटे पुण्यातच ६५ वर्षांनी घडले. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ सादर केले. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची, नाना फडणवीस मोहन आगाशे. तेंडुलकरांनी आरंभापासून सांगितले की हे ऐतिहासिक नाटक नाही. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी घाशीराम कसा निर्माण करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हाती कसा सोपवते, हा विषय आहे. म्हणजे इतिहासाकडे पाहू नका, आजूबाजूला पाहा, असे लेखकच विनवत होता. प्रेक्षकांतला एक मोठा वर्ग म्हणाला, नाही, आम्ही नानांकडेच पाहणार.

का पाहणार, हेही समजून घेतले पाहिजे. घाशीराम सावळदास इतिहासात होऊन गेला. १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल होता, आणि ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेल्यावर जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. त्यावर मोरोबा कान्होबांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे गद्य पुस्तक १८६३ सालीच छापून झाले होते. विषय नवा नव्हता. पण मधल्या शंभर वर्षांत नाना फडणवीस हे बुडत्या राज्याला सावरणारे मुत्सद्दी म्हणून मराठी मनात घट्ट बसले होते. पारतंत्र्यात अशा माणसाची गरज होती. खाडिलकरांच्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकातले नाना त्याच गरजेतून उभे राहिले. त्या नानांना लावणीच्या तालावर लंगडत, पोरीमागे धावताना पाहणे हे भरत नाट्य मंदिराच्या त्या खुर्च्यांवरून, शनिवारवाड्यापासून थोड्याच अंतरावर बसून, सोसणे सोपे नव्हते. लेखकाचे विषयांतराचे आवाहन योग्य होते. प्रेक्षकांचे दुखणेही खोटे नव्हते.

१९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. नाटकाशी निगडित कलावंत बाहेर पडले, मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि १९७४ च्या आरंभी प्रयोग पुन्हा सुरू झाले. आणीबाणीनंतर पाहणाऱ्यांना या नाटकात दिल्ली दिसू लागली. ऐंशीच्या दशकात पंजाबची आग पेटल्यावर अनेकांनी घाशीरामाचा संदर्भ तिकडे जोडला. तेंडुलकरांनी एक अक्षर बदलले नव्हते.

१९८० साली नाटक युरोपात जायचे ठरले तेव्हा विरोध पुन्हा उसळला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि प्रयोगापूर्वी हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे असे निवेदन वाचून दाखवावे, असे ठरले. यातला विनोद ध्यानात घ्यावा. जर्मनीतल्या ज्या प्रेक्षकाने ‘नाना फडणवीस’ हे नाव जन्मात ऐकले नव्हते, त्याला प्रथम सांगायचे की नाना फार थोर होते, मग नाटक दाखवायचे. त्या प्रेक्षकाने पाहिली ती माणसांची भिंत: एका रांगेत डोलणारे, गाणारे, क्षणात देऊळ, क्षणात गर्दी, क्षणात पडदा होणारे पुरुष. पुण्यात ही भिंत ‘कोणाची’ हा प्रश्न पेटला होता. बर्लिनमध्ये ती केवळ देखणी होती. काही समीक्षक म्हणतात की परदेशात नाटकाला न्याय मिळाला. ते पूर्ण पटत नाही. कोणालाच न टोचणारे ‘घाशीराम’ हे अर्धेच ‘घाशीराम’.

१९०७ चे प्रेक्षक आणि १९७२ चे विरोधक यांना समोरासमोर बसवले तर एक चमत्कारिक संवाद होईल. पहिले म्हणतील, समोर कीचक दिसत असला तरी हा कीचक नव्हे. दुसरे म्हणतील, तुम्ही काहीही म्हणा, हे नानाच. पहिल्यांच्या डोक्यावर परकी सत्ता होती आणि बोलायला वाट नव्हती, म्हणून ते प्रत्येक ओळीखाली दुसरी ओळ वाचायला शिकले होते. दुसऱ्यांना स्वतःचे राज्य मिळाले होते, आणि स्वतःच्या राज्यात आरसा पाहण्यापेक्षा पूर्वजांची तसबीर सांभाळणे माणसाला अधिक निकडीचे वाटते. दोन्ही वेळी संहिता हाती घेऊन ‘नाटकात असे लिहिलेलेच नाही’ असे सांगणारे लोक होते, आणि दोन्ही वेळी त्यांचे कोणी ऐकले नाही.

१८७६ चा तो कायदा २०१८ साली अधिकृतपणे रद्द झाला. महाराष्ट्रात मात्र नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतरही राहिली. कागदावरची संहिता पाहून प्रयोगाचा परिणाम ठरवण्याचे हे काम किती अवघड आहे, हे ‘कीचकवधा’च्या तीन वर्षांवरून कळते. १९०७ साली ज्यात काही सापडले नाही, त्यात १९१० साली सर्व काही सापडले.

समजा, आज एखाद्या महाविद्यालयीन नाट्यमंडळाने ‘कीचकवध’ करायला घेतले. कर्झनची टोपी कीचकाच्या डोक्यावर ठेवली तर प्रेक्षक हसतील किंवा जांभया देतील. पण सैरंध्री ही एका बड्या घरात काम करणारी, आपली खरी ओळख सांगू न शकणारी बाई आहे. मालकिणीचा भाऊ सेनापती आहे. मालकिणीला सगळे ठाऊक आहे आणि तीच दासीला मद्य आणण्याच्या निमित्ताने भावाच्या महालात पाठवते. हे आज कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. प्रेक्षागारात अर्ध्याहून अधिक मुली असतील आणि द्रौपदीचे काम मुलगीच करील. तेव्हा भीमाच्या गदेपेक्षा सुदेष्णेच्या गप्प राहण्याकडे डोळे लागतील. मवाळ-जहाल वाद त्या प्रेक्षकांना ऐकू येईल का? कदाचित येईल, पण निराळ्या रूपात: तक्रार करावी की नको, केली तर नोकरी जाईल, थोडे दिवस थांब.

अशा प्रयोगाच्या दिग्दर्शकासमोर खरा पेच येईल तो मूळ महाभारतातल्या सभेच्या एका क्षणी. सैरंध्री लाथ खाऊन विराटाच्या सभेत उभी आहे. कंक समोर बसला आहे, त्याच्या कपाळावर घाम आहे, आणि ओळख उघड होण्याच्या भीतीने तो तिला तेथून जायला सांगतो. तो म्हणतो की तुला वेळ कळत नाही, सभेत नटीसारखी रडतेस, आणि मत्स्यांच्या द्यूतात व्यत्यय आणतेस. ती जाण्यापूर्वी आपले पती जुगारी असल्याचे सुनावते. हे बोलणे धर्मराजाने कोणत्या स्वरात म्हणायचे, फासे हातात ठेवून की खाली टाकून, तिच्याकडे पाहत की राजाकडे, हे व्यासांनी लिहून ठेवलेले नाही.